पॉडकास्टचा विस्तार आणि ठाणे-डोंबिवलीचा श्रोता

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटर अंतरावर आहे. जलद लोकल मिळाली तर कल्याणहून साधारण तासाभरात आणि धीम्या लोकलने दीड तासाच्या आसपास मुंबई गाठता येते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. त्यानंतर या शहरांचा विस्तार घोडबंदर, दिवा, शिळफाटा अशा सर्व दिशांना झाला. येथील फार मोठा नोकरदार वर्ग दिवसाचे दोन ते तीन तास प्रवासात घालवतो. या वेळात एक हात वरच्या कडीला असतो, दुसरा बॅग सांभाळतो आणि वर्तमानपत्र उघडण्याइतकीही जागा नसते. मोकळा असतो तो फक्त कान.

पॉडकास्ट नावाचा जो उद्योग गेल्या वीस वर्षांत जगभर उभा राहिला, तो नेमक्या अशाच वेळेच्या आधारावर. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, चालायला गेल्यावर किंवा लोकलमध्ये उभे असताना, म्हणजे हात आणि डोळे गुंतलेले असताना, ऐकता येईल असा मजकूर ही त्याची मूळ कल्पना होती. आज हा उद्योग अब्जावधी डॉलरचा झाला असला, तरी त्याची दिशा बदलू लागली आहे. तो ऐकण्याकडून पाहण्याकडे आणि खुल्या व्यवस्थेकडून बंदिस्त व्यासपीठांकडे सरकतो आहे. या बदलाचा अर्थ मराठी श्रोत्याच्या, विशेषतः ठाणे ते कल्याण पट्ट्यातील श्रोत्याच्या दृष्टीने समजून घेणे आवश्यक आहे.

नाव आणि जन्म

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द प्रथम छापून आला तो फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ या दैनिकात. पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी महाजालावरील हौशी ध्वनिमुद्रणांच्या नव्या लाटेविषयी लिहिताना तो सुचवला. ॲपल कंपनीचा ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ यांचा तो जोडशब्द होता. आयपॉड बाजारात आला होता २००१ मध्ये. पुढे २००५ साली ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’ने ‘पॉडकास्ट’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडले.

मात्र शब्दाच्या आधी तंत्र जन्माला आले होते. संकेतस्थळावर नवा मजकूर आला की वाचकाला आपोआप कळावे, यासाठी ‘आरएसएस’ नावाची पद्धत वापरात होती. अमेरिकी संगणकतज्ज्ञ डेव्ह वाइनर यांनी २००० सालच्या अखेरीस या पद्धतीत मजकुरासोबत ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली. २००३ मध्ये पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती या मार्गाने प्रसारित होऊ लागल्या. एमटीव्हीचे माजी निवेदक ॲडम करी यांनी २००४ मध्ये आपला दैनंदिन कार्यक्रम सुरू केला आणि अशा फाइली आपोआप आयपॉडमध्ये उतरवून घेणाऱ्या प्रणालीचा प्रसार केला. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टचा विभाग उघडला. पहिल्या दोन दिवसांतच तेथे दहा लाख सदस्यनोंदण्या झाल्या.

फीड म्हणजे काय?

पॉडकास्टचे वेगळेपण त्याच्या ‘फीड’मध्ये आहे. कार्यक्रमकर्ता आपली ध्वनिफाइल एखाद्या सर्व्हरवर ठेवतो आणि तिचा पत्ता, शीर्षक व तारीख एका साध्या सूचीत नोंदवतो. ही सूची म्हणजे फीड. कोणतेही पॉडकास्ट ॲप ती सूची वाचू शकते. श्रोता एकदा सदस्य झाला की नवा भाग त्याच्या भ्रमणध्वनीत येऊन पडतो. मधल्या कोणत्याही कंपनीच्या परवानगीची गरज नसते. कार्यक्रमकर्त्याला सर्व्हर बदलता येतो, श्रोत्याला ॲप बदलता येते आणि तरीही दोघांचा संबंध तुटत नाही. टपाल खाते कोणा एकाच्या मालकीचे नसावे आणि तरी पत्र पोहोचावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे आटोपशीर आकार. बोलण्याचा एक तासाचा कार्यक्रम ६४ केबीपीएस दर्जात ठेवला, तर फाइल २९ एमबीच्या घरात जाते. तेवढ्याच लांबीच्या मध्यम दर्जाच्या ध्वनिचित्रफितीला याच्या कित्येक पट डेटा लागतो. शिवाय ध्वनिफाइल घरच्या वाय-फायवर रात्री उतरवून ठेवली, तर वाटेत नेटवर्क गेले तरी ऐकण्यात खंड पडत नाही.

वाढीची पर्वे

पहिली दहा वर्षे पॉडकास्ट ही हौशी मंडळींची आणि सार्वजनिक नभोवाणीची गोष्ट राहिली. अमेरिकेतील ‘एडिसन रिसर्च’ या संस्थेच्या २००६ च्या पाहणीत केवळ ११ टक्के लोकांनी कधी तरी पॉडकास्ट ऐकल्याचे सांगितले होते.

कलाटणी मिळाली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये. सारा कोनिग यांनी सादर केलेल्या ‘सीरियल’ या मालिकेने बाल्टिमोरमधील १९९९ च्या एका खून खटल्याची भागांमागून भाग उकल केली. आयट्यून्सवर सर्वांत कमी वेळात ५० लाख डाउनलोडचा टप्पा तिने गाठला आणि प्रतिष्ठेचा पीबॉडी पुरस्कारही मिळवला. त्याच सुमारास भ्रमणध्वनीवर पॉडकास्टचे ॲप आधीपासून बसवलेले मिळू लागले होते. संगणकाला तार जोडून फाइल उतरवण्याची कटकट संपली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १ फेब्रुवारी २०१७ पासून ‘द डेली’ हा रोजचा कार्यक्रम सुरू केला. वृत्तपत्रालाही आवाज असू शकतो, हे त्याने सिद्ध केले. २०२० पासून पुलित्झर पुरस्कारांत ध्वनिवार्तांकनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

तिसरे पर्व भांडवलाचे. स्वीडनच्या ‘स्पॉटिफाय’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गिम्लेट’ ही निर्मितीसंस्था आणि ‘अँकर’ ही कार्यक्रम बनवण्याची मोफत सेवा विकत घेतली. मे २०२० मध्ये जो रोगन यांचा लोकप्रिय कार्यक्रम केवळ आपल्याकडेच ऐकता येईल असा करार तिने केला. करोनाकाळात घरी बसलेल्या लोकांनी मायक्रोफोन विकत घेतले आणि नव्या कार्यक्रमांचा पूर आला.

मात्र २०२३ मध्ये या पुराला ओहोटी लागली. स्पॉटिफायने जूनमध्ये पॉडकास्ट विभागातील सुमारे २०० पदे कमी केली आणि गिम्लेटचे वेगळे अस्तित्व संपवले. २०२४ मध्ये रोगन यांचा कार्यक्रमही पुन्हा इतर व्यासपीठांवर खुला झाला. त्याच वर्षी गूगलने ‘गूगल पॉडकास्ट्स’ हे ॲप बंद करून श्रोत्यांना यूट्यूबकडे वळवले. मोठ्या कंपनीची सेवा कायमची नसते, हा धडा लाखो श्रोत्यांना मिळाला.

तरीही ऐकणाऱ्यांची संख्या वाढतच राहिली. एडिसनच्या पाहणीनुसार महिन्यातून एकदा तरी पॉडकास्टचा आस्वाद घेणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण २०१४ मध्ये १५ टक्के होते. २०२४ मध्ये ते ४७ आणि २०२५ मध्ये ५५ टक्क्यांवर गेले. या शेवटच्या आकड्यात ऐकणाऱ्यांसोबत पाहणारेही मोजले आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पैसा येतो कोठून?

पॉडकास्टचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे. अमेरिकेत ते २०२१ मध्ये प्रथमच एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले आणि २०२४ मध्ये सुमारे २ अब्ज ४० कोटी डॉलर झाले. निवेदकाने स्वतःच्या आवाजात सांगितलेली जाहिरात सर्वांत प्रभावी मानली जाते, कारण कानाशी बोलणारा माणूस श्रोत्याला ओळखीचा वाटू लागतो. अलीकडे मात्र श्रोत्याचे ठिकाण पाहून आयत्या वेळी जाहिरात घालण्याचे तंत्र रूढ झाले आहे. त्यामुळे एकच भाग ठाण्यात ऐकणाऱ्याला एक जाहिरात आणि न्यू जर्सीत ऐकणाऱ्याला दुसरी, असे घडते.

दर ठरतो तो हजार डाउनलोडमागे. या मोजणीसाठी उद्योगाने नियम ठरवले आहेत. किमान एका मिनिटाचा मजकूर उतरला पाहिजे आणि एकाच श्रोत्याने २४ तासांत पुन्हा उतरवलेली फाइल दुसऱ्यांदा मोजली जात नाही. २०२३ मध्ये ॲपलने ऐकले न जाणारे भाग आपोआप उतरवणे कमी केले, तेव्हा अनेक नामांकित कार्यक्रमांचे आकडे एका रात्रीत खाली आले. श्रोते तेवढेच होते. फुगवटा गेला होता.

छोट्या भाषेतील कार्यक्रमाचे गणित यावरून मांडून पाहता येईल. समजा, डोंबिवलीतील एखाद्या तरुणाच्या मराठी कार्यक्रमाचा प्रत्येक भाग २,००० जण उतरवून घेतात. सभागृहात इतके लोक जमले तर ते तुडुंब भरेल. पण अमेरिकेतील हजारी २० डॉलरचा दर धरला, तरी एका जाहिरातीचे ४० डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या घरातील रक्कम हाती येईल. भारतीय भाषांत एवढा दर मिळणे दुरापास्तच. संशोधन, ध्वनिमुद्रण, संपादन यांचे तास मोजले, तर हिशेब तोट्याचा निघतो. ‘पॉडकास्ट इंडेक्स’ या खुल्या सूचीत ४० लाखांहून अधिक फीड नोंदलेले आहेत. त्यांतील नियमित नवे भाग देणारे कार्यक्रम काही लाखच आहेत. बाकीचे पाच-दहा भागांनंतर थांबले. यामागील मुख्य कारण हेच आहे.

भारत : परवान्याविना आवाज

भारतात बोललेल्या शब्दाचा इतिहास परवान्याशी बांधलेला आहे. जुलै १९२७ मध्ये मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि पुढे आकाशवाणीच्या रूपाने हे माध्यम दीर्घकाळ सरकारच्या हाती राहिले. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे आली, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नव्हती. २०११ च्या धोरणाने केवळ आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी प्रक्षेपित करण्याची सवलत दिली. दर तासाला दहा मिनिटे बातम्यांना परवानगी द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये केली. भारी शुल्क भरून घेतलेल्या लहरींवर चित्रपटगीतांखेरीज काही वाजवणे केंद्रांनाही परवडत नव्हते. परिणामी चालू घडामोडी, इतिहास, अर्थकारण यांवर सविस्तर बोलणारा खासगी आवाज भारतीयांना नभोवाणीवर जवळजवळ मिळालाच नाही. पॉडकास्टला लहरी लागत नाहीत आणि त्यांचा परवानाही लागत नाही. ही पोकळी त्याने भरून काढली.

२००५ मध्येच दोन मित्रांनी सुरू केलेला ‘इंडिकास्ट’ हा या क्षेत्रातील सुरुवातीच्या भारतीय प्रयत्नांपैकी एक. पण त्या काळी महाजाल मंद आणि महाग होते. खरा बदल सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर झाला. एक जीबी डेटासाठी दोनशे-अडीचशे रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला तेवढाच डेटा रोज मिळू लागला. मुंबईत २०१५ मध्ये ‘आयव्हीएम पॉडकास्ट्स’ सुरू झाले होते. अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’ने २०१७ पासून दीर्घ, अभ्यासपूर्ण संवादाची वाट पाडली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘कुकू एफएम’ आणि ‘पॉकेट एफएम’ यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी भारतीय भाषांत क्रमशः श्राव्यकथा देऊन श्रोत्याकडूनच पैसे घेण्याची पद्धत रुजवली. ‘पीडब्ल्यूसी’च्या २०२० च्या अहवालाने चीन आणि अमेरिकेपाठोपाठ भारताला पॉडकास्ट ऐकणारी तिसरी मोठी बाजारपेठ ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी निखिल कामत यांच्या कार्यक्रमात आणि मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन यांच्या कार्यक्रमात दीर्घ मुलाखत दिली. त्यामुळे राजकारणातही या माध्यमाला मान्यता मिळाली.

मराठीचे चित्र

ऐकण्याची सवय मराठी घराला नवी नाही. पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती, व. पु. काळे, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांचे कथाकथन, बाबासाहेब पुरंदरे आणि प्राचार्य शिवाजीराव भोसले यांची व्याख्याने यांनी दोन पिढ्यांचे कान घडवले. पॉडकास्ट हा शब्द नसतानाही तो प्रकार आपल्याकडे कॅसेटच्या रूपात नांदत होता. २०१७ च्या अखेरीस स्वीडनची ‘स्टोरीटेल’ ही श्राव्यपुस्तकांची कंपनी भारतात उतरली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीसोबत तिने मराठीची निवड केली. त्यामागे या सवयीचा विचार असावा.

आज बीबीसी मराठीचे ‘सोपी गोष्ट’ आणि ‘तीन गोष्टी’ बातमीच्या अंगाने जातात. ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ असे कार्यक्रम नाटक-चित्रपटांपासून मानसिक आरोग्यापर्यंतच्या विषयांवर गप्पा मारतात. सुलेखा तळवलकर यांच्या ‘दिल के करीब’ने मुलाखतीचा मोठा प्रेक्षकवर्ग जमवला. यांतील बहुतेक कार्यक्रमांची मुख्य ओळख मात्र यूट्यूबवरची आहे. मराठी पॉडकास्टने श्राव्य अवस्थेत पुरेसे पाय रोवण्याआधीच दृश्य रूप धारण केले.

पाहण्याकडे कल आणि त्याची किंमत

जगाचाही कल तोच आहे. यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की, दरमहा एक अब्ज लोक तेथे पॉडकास्टचा लाभ घेतात. एडिसनच्या पाहण्यांतही पॉडकास्टसाठी अमेरिकेत सर्वाधिक वापरले जाणारे व्यासपीठ यूट्यूबच ठरले आहे. यामागील कारणे रास्त आहेत. ध्वनिफाइलचा शोध लागणे कठीण. चित्रफितीचा एक मिनिटाचा तुकडा मात्र समाजमाध्यमांवर हातोहात फिरतो. नवा श्रोता त्यातूनच येतो. जाहिरातदाराला चेहरा दिसतो आणि वस्तूही दाखवता येते.

पण ठाणे-कल्याणच्या प्रवाशाच्या बाजूने पाहिले, तर या बदलाची किंमत दिसते. यूट्यूबच्या मोफत सेवेत भ्रमणध्वनीचा पडदा बंद केला की आवाजही बंद होतो. पडदा मिटून ऐकायचे असेल, तर सशुल्क सदस्यत्व घ्यावे लागते. म्हणजे ज्या प्रवाशाचे हात गुंतलेले आहेत, त्याला फोन हातात धरून पडदा चालू ठेवावा लागणार, बॅटरी जाळावी लागणार आणि न पाहिल्या जाणाऱ्या चित्रासाठी डेटा खर्चावा लागणार. ज्याच्यासाठी हे माध्यम जन्मले, तोच त्यातून बाहेर ढकलला जात आहे. दृष्टिहीन श्रोत्यांची आणि पडद्याकडे फार वेळ पाहू न शकणाऱ्या ज्येष्ठांची अडचणही याच जातीची आहे.

निर्मात्याच्या बाजूनेही फरक पडतो. आवाजाचा कार्यक्रम दोन-तीन ते सात-आठ हजार रुपयांचा मायक्रोफोन, ‘ऑडॅसिटी’सारखी मोफत संपादन प्रणाली आणि गोधड्या-कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळचा शांत कोपरा एवढ्यावर घरच्या घरी होतो. कुकरची शिट्टी आणि पंखा तेवढा सांभाळावा लागतो. चित्रीकरण म्हटले की तीन कॅमेरे, दिवे, सजवलेली पार्श्वभूमी आणि तासावर भाडे आकारणारा स्टुडिओ आला. ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे पण भांडवल नाही, त्याला ही वाट बंद होते. पाहुणाही मग चेहऱ्याच्या प्रसिद्धीवर निवडला जातो.

यात आणखी एका घटकाची भर पडली आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून गूगलच्या ‘नोटबुकएलएम’ने कोणत्याही लिखाणाचा दोन निवेदकांच्या संवादात कृत्रिम कार्यक्रम करून देण्याची सोय दिली आणि २०२५ मध्ये ती पन्नासहून अधिक भाषांत आणली. माहितीची उजळणी करण्यास ती उपयुक्त आहे. परंतु यंत्राला मूळ मजकूर लागतो. ज्या शहराचा आवाज कोठेच नोंदलेला नाही, त्याच्याविषयी यंत्र तरी काय बोलणार?

कपाटातला ठेवा

हा प्रश्न ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीला विशेष लागू पडतो, कारण बोलणे आणि ऐकणे हा या शहरांचा जुना व्यवहार आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाण्यात दर जानेवारीत होणारी रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला, आचार्य अत्रे कट्ट्यासारखे नागरिकांनी चालवलेले कट्टे, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्या वास्तव्याने ओळखली जाणारी डोंबिवली, लोकलच्या डब्यात रंगणारी भजने, ही सारी श्राव्य परंपराच आहे. ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०१० मध्ये उत्तम कांबळे यांच्या अध्यक्षतेखाली ठाण्यात झाले. ९० वे फेब्रुवारी २०१७ मध्ये अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली डोंबिवलीत झाले.

अशा व्यासपीठांवर वर्षानुवर्षे वक्ते बोलत आले. जी भाषणे कॅसेटवर मुद्रित झाली, त्या फितींचा शत्रू आपल्याकडची दमट हवा आहे. फितीवर बुरशी धरते, थर सुटतो आणि ती वाजवणारे यंत्रही मिळेनासे होते. अलीकडची मुद्रणे कोणाच्या तरी भ्रमणध्वनीत किंवा जुन्या संगणकात पडून राहतात आणि उपकरणाबरोबर नाहीशी होतात. खुले फीड हे अशा ठेव्यासाठी सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ साधन आहे. त्यासाठी दहा लाख श्रोत्यांची गरज नाही. सभागृहात तीनशे खुर्च्या असतात. तेच भाषण नंतर तीन हजार प्रवाशांनी लोकलमध्ये ऐकले, तर व्याख्यानमालेचा हेतू दसपटीने सफल झाला असे म्हणता येईल.

संस्थांनी काय करावे?

पहिली गोष्ट संमतीची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार सार्वजनिक भाषणाचा प्रथम स्वामित्वहक्क ते देणाऱ्याचा, किंवा तो दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलत असल्यास त्या व्यक्तीचा असतो. सभागृह संस्थेचे असले तरी भाषण तिचे होत नाही. म्हणून निमंत्रणपत्राबरोबरच ध्वनिमुद्रण आणि प्रसारणाची लेखी संमती घ्यावी. जुन्या भाषणांसाठी वक्त्याशी किंवा त्याच्या वारसांशी संपर्क साधावा. चित्रपटगीताचा तुकडा सुरुवातीला जोडण्याचा मोह टाळावा. ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे टिकतो आणि परवान्याशिवायचा वापर कार्यक्रम बंद पाडू शकतो.

दुसरी गोष्ट मालकीची. फीड संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाने असावे आणि स्पॉटिफाय, ॲपल, यूट्यूब ही त्याची वितरणकेंद्रे मानावीत. अँकर ही मोफत सेवा पाच वर्षांत दोनदा नाव बदलून वेगळ्या रूपात आली आणि गूगल पॉडकास्ट्स तर बंदच झाले. मूळ ध्वनिफाइली मात्र आपल्याकडे दोन ठिकाणी जपून ठेवल्या, तर सेवा बदलली तरी ठेवा जात नाही.

तिसरी गोष्ट दर्जाची. सभागृहाच्या ध्वनिक्षेपणातून थेट मुद्रण घ्यावे. समोरच्या रांगेतल्या फोनवर घेतलेला आवाज लोकलच्या खडखडाटात समजत नाही. एका आवाजाच्या भाषणाला एकपदरी मुद्रण पुरते. सत्कार, प्रास्ताविक आणि आभार वगळून भाषणावरच भाग सुरू करावा. वक्ता, विषय, तारीख आणि स्थळ यांची नोंद शीर्षकातच करावी आणि चार-सहा ओळींचा मराठी गोषवारा जोडावा. शोधयंत्राला आवाजापेक्षा लिहिलेला शब्द सहज सापडतो.

चौथी गोष्ट खर्चाची. जाहिरातीच्या भरवशावर असा उपक्रम चालणार नाही, हे वरील हिशेबावरून स्पष्ट आहे. वाचनालयाची वर्गणी, व्याख्यानमालेचे प्रायोजक आणि परगावी वा परदेशी गेलेल्या ठाणे-डोंबिवलीकरांचे लहान योगदान हाच त्याचा आधार असू शकतो. बातम्या किंवा चालू घडामोडी देणार असल्यास २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील आचारसंहिता लागू होते, तर पैसे घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस केल्यास तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे.

ऐकताना

श्रोत्यानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये. आवाज जसा चढेल तशी ही मुदत झपाट्याने घटते. लोकलच्या उघड्या दारांतून येणाऱ्या गोंगाटावर मात करण्यासाठी आपण नकळत आवाज वाढवतो. कानात घट्ट बसणारे इअरफोन आणि कमी आवाज हा त्यावरील उपाय आहे. दाराशी उभे असताना, फलाटाच्या कडेला आणि रस्ता ओलांडताना मात्र कान मोकळेच हवेत. रूळ ओलांडणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहेच. कानात इअरफोन असताना तो जिवावर बेततो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून प्रवासी पडून जी दुर्घटना झाली, तिने या मार्गावर क्षणभराचे अवधानही किती मोलाचे असते ते दाखवून दिले. डब्यात फोनचा स्पीकर लावून इतरांना सक्तीचे श्रोते करणे हाही सौजन्याचा भंगच होय.

ऐकण्यासाठी ॲप निवडताना ‘अँटेनापॉड’सारखे कोणतेही फीड स्वीकारणारे ॲप घ्यावे आणि भाग घरीच उतरवून ठेवावेत. आवडलेल्या मराठी कार्यक्रमाचे यूट्यूबबरोबर श्राव्य फीडही आहे का, याची विचारणा निर्मात्याकडे करावी. मागणी दिसली तर तो ते देईल, कारण चित्रफितीतून आवाज वेगळा काढून फीडवर टाकणे अर्ध्या तासाचे काम आहे. कल्याणहून निघालेली गाडी तासाभराने मुंबईत पोहोचते तेव्हा तेवढ्या वेळात एक पूर्ण व्याख्यान ऐकून होते. ते मराठीतून आणि आपल्याच गावच्या व्यासपीठावरचे असावे, यासाठी लागणारी सर्व साधने आज उपलब्ध आहेत.